बासरी कोणी टाकली?

डोंबिवलीतल्या एका कॉलेजात मी मास मीडियाच्या पोरांना डॉक्युमेंट्री शिकवायला जातो, व्हिजिटिंग, आठवड्याला दोन लेक्चर, मानधन विचारू नका. वर्षाच्या शेवटी प्रत्येक ग्रुपला पाच मिनिटांची फिल्म करावी लागते. गेल्या वर्षी एका ग्रुपने स्टेशनच्या पलीकडची एक पिठाची गिरणी घेतली. फिल्म दिसायला झकास होती. पट्टा फिरतोय, उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगतंय, डब्यांची रांग, डब्यांवर खडूने लिहिलेली आडनावं, गिरणीवाले काका भुवयांवरचं पीठ झटकतायत, आणि मागे व्हॉइसओव्हर, की घरघंटी आली, पाकिटातला आटा आला, आता या दारात कोण येणार. आणि बासरी. ती बासरी तुम्हाला माहितीये, यूट्यूबवर फुकट मिळते, शेतकरी, विहीर, आजी, बंद पडलेली शाळा, काहीही दाखवायचं असलं की आमची पोरं तीच टाकतात.

टाळ्या पडल्या. मग मागच्या बेंचवरून एकीने विचारलं, गिरणी चालू असताना काकांचा आवाज इतका स्वच्छ कसा काय आला? ग्रुप एकमेकांकडे बघायला लागला. शेवटी कळलं की इंटरव्ह्यूसाठी गिरणी बंद ठेवायला लावली होती आणि घरघर नंतर एडिटमध्ये खाली घातली. मग एकेक बाहेर यायला लागलं. रांगेत उभ्या असलेल्या दोन काकू म्हणजे ग्रुपमधल्याच एका पोराची आई आणि मावशी. गहू ओतायचा शॉट चार वेळा घेतला होता, काका तेच गहू परत डब्यात भरून परत ओतत होते. वर्ग पेटला. "मग ही डॉक्युमेंट्री कसली, हे तर फेक आहे," असं एकाने म्हटलं आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की पोरं चुकीच्या जागी भांडत होती. पण दोष त्यांचा नाही. डॉक्युमेंट्री म्हणजे जे घडलं ते जसंच्या तसं, हे आपल्याला कोणी न शिकवताच डोक्यात बसलेलं असतं. मराठीत तर शब्दानेच घोळ केलाय. आपण 'माहितीपट' म्हणतो, म्हणजे माहिती देणारा पट, म्हणजे त्यात जे सांगितलं ती माहिती, आणि माहितीशी कोण वाद घालणार. जुना शब्द होता 'अनुबोधपट', त्यात निदान कोणीतरी कोणाला तरी काहीतरी समजावतंय एवढं तरी कळायचं. आता वर्तमानपत्रवाले माहितीपट आणि लघुपट पण एकमेकांच्या जागी वापरतात, ते जाऊ दे.

मुळात शुद्ध, न ढवळलेलं असं फुटेज कधी नव्हतंच. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्यातून कामगार सुटताना शूट केले, सिनेमाच्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून ती फिल्म दाखवतात. तिच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडाच नाही. म्हणजे मालकाने कामगारांना परत परत सुटायला लावलं. तीच 'कारखान्यातून सुटणारे कामगार' ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेलेल्या सहा फिल्म्समध्ये होती, म्हणजे आपल्याकडे सिनेमा उतरला त्याच संध्याकाळी रीटेकसुद्धा उतरला असं म्हणायला हरकत नाही.

आणि आपले दादासाहेब फाळके. राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ मध्ये, पैसे लावणाऱ्या माणसाला पटवायला त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं शूट करत महिनाभर त्याची वाढ टिपली. पडद्यावर बी फुटतं, कोंब येतो, वेल सरसर वर चढतो. आता हे खरं की खोटं? वाटाणा खरा, कुंडी खरी, वाढ खरी, पण कुठल्याही जिवंत माणसाने असा वेल चढताना कधी पाहिलेला नाही. वेळ चेपली म्हणून ती वाढ दिसली, नाहीतर ती दिसणारच नव्हती. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं खूश होतात कारण त्यांना टाइमलॅप्स माहिती असतो आणि फाळक्यांनी केलाय हे माहिती नसतं.

रॉबर्ट फ्लाहर्टीची उत्तर कॅनडातल्या एका इन्युइट शिकाऱ्यावरची १९२२ ची 'नानूक ऑफ द नॉर्थ' तर या वादाचं पेटंट उदाहरण. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, कॅमेरा मोठा, म्हणून अर्धंच इग्लू बांधून, एक बाजू उघडी ठेवून नानूकचं कुटुंब झोपताना शूट केलं, बाहेरच्या थंडीत. नानूकचं खरं नाव अल्लाकारियालाक. त्या भागात तेव्हा शिकारीला बंदुका आल्या होत्या, पण फ्लाहर्टीला भाला हवा होता. ग्रामोफोनची तबकडी बघून नानूक चकित होतो आणि ती चावून बघतो, असा सीन आहे, प्रत्यक्षात त्या माणसाला ग्रामोफोन काय असतो ते चांगलं ठाऊक होतं. आता यातलं मला काय खटकतं? अर्धं इग्लू मला खटकत नाही. बाहेर बर्फात बांधलेलं असो की आत, इग्लूत माणसं कशी झोपतात ते मला त्यातून समजतं. तबकडी चावणं खटकतं. कारण तिथे एका शहाण्या माणसाला वेडं करून दाखवलंय, आणि ते शहरात बसलेल्या प्रेक्षकाला गंमत वाटावी म्हणून. दोन्ही गोष्टी रचलेल्याच आहेत, पण दोन्हींना एकाच तराजूत तोलता येत नाही.

उलट बाजूचं उदाहरण तर याहून तगडं आहे. अमेरिकेत डॅलसला १९७६ मध्ये एका पोलिसाचा खून झाला, रँडल डेल अ‍ॅडम्स नावाच्या माणसाला दोषी ठरवलं, मृत्युदंड झाला, मग जन्मठेप. एरल मॉरिसने १९८८ मध्ये 'द थिन ब्लू लाइन' केली. त्यात खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा नट घेऊन उभा केलाय, गाडी, दिवे, हवेत उडणारा मिल्कशेकचा ग्लास, सगळं सिनेमासारखं, वर फिलिप ग्लासचं संगीत. शुद्धतावाद्यांच्या हिशेबाने हे महापाप. पण प्रत्येक वेळी तो प्रसंग थोडा वेगळा दिसतो, कारण प्रत्येक साक्षीदाराने सांगितलेला तो वेगळा आहे, आणि बघता बघता आपल्या लक्षात येतं की हे सगळे एकदम खरं बोलत असूच शकत नाहीत. शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा इंटरव्ह्यू घ्यायच्या वेळी कॅमेराच बिघडला, म्हणून पडद्यावर फक्त एक टेपरेकॉर्डर दिसतो आणि आवाज ऐकू येतो. १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला. म्हणजे नट घेऊन उभ्या केलेल्या सीन्सनी जे केलं ते कोर्टात शपथेवर दिलेल्या साक्षींनी केलं नव्हतं.

मग काय, सगळंच चालतं? नाही ना. मी तेच म्हणतोय, की चालतं-न चालतं ही रेघ आपण चुकीच्या ठिकाणी ओढतो.

परत गिरणीत या. मी त्या ग्रुपकडून सगळं कच्चं फुटेज मागून घेतलं, साधारण चाळीस मिनिटांचं, आणि घरी रात्री बसून बघितलं. काका मस्त बोललेत. पहिला अर्धा तास तर ते दळणाचं शास्त्रच सांगतायत, की बाजरीवर गहू घातला तर पोळी काळी पडते म्हणून बायका आल्या आल्या विचारतात "आधी कोणाचं काय होतं", उपासाची भाजणी म्हणजे तर सकाळी पहिली, पाटे झाडून. मग पोरगी विचारते, धंदा कमी झाला असेल ना काका? काका म्हणतात, हो, रोजचे गहू कमी झाले, खोटं कशाला बोलू, पण आता नाचणी, सोयाबीन, चणे मिसळून आणतात, डॉक्टरने सांगितलेलं असतं, आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मला जेवायला फुरसत नसते. पोरगी परत विचारते, पण पुढे काय होईल असं वाटतं? काका म्हणतात मुलगा बसतो ना संध्याकाळी. पोरगी तिसऱ्यांदा विचारते, पण वाईट वाटत असेल ना, जुने दिवस आठवत असतील? आणि मग काका दोन सेकंद थांबतात आणि म्हणतात, "हां, आता पूर्वीसारखं नाही राहिलं."

फिल्ममध्ये फक्त ते शेवटचं वाक्य होतं. आणि बासरी.

मावशीला रांगेत उभं केलं यात कोणाचं काही बिघडलं नाही, मावशी तशीही आठवड्याला दळण घेऊन तिथेच उभी असते. गिरणी बंद करून बोललं म्हणूनच काकांचं बोलणं ऐकू आलं. खोटं घुसलं ते तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्यात, आणि मग भाजणी, नाचणी, संध्याकाळी बसणारा मुलगा हे सगळं कापून टाकण्यात. गोष्ट शूटच्या आधीच लिहून झालेली होती, 'मरणारी गिरणी', काका फक्त तिच्यात भरायचे होते. आणि गंमत म्हणजे त्या पाच मिनिटांतला एकही शब्द काकांनी उच्चारला नाही असा नाहीये. फॅक्ट-चेकवाल्याला दिलं तर तो पास करेल.

म्हणूनच मला 'ही डॉक्युमेंट्री खरी की खोटी' हा प्रश्न फार तोकडा वाटतो. जॉन ग्रिअर्सन या ब्रिटिश डॉक्युमेंट्रीवाल्याने डॉक्युमेंट्रीची जी व्याख्या केली ती जगभर घोकतात, वास्तवाची सर्जनशील हाताळणी अशा अर्थाची. ठीक आहे, पण हाताळतंय कोण आणि हाताळला जातोय कोण, ते या व्याख्येत कुठेच येत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

आपल्याकडे हे हाताळणं आधी सरकारने केलं. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, मुंबईत पेडर रोडला त्याचं मोठं आवार, आणि देशभरच्या थिएटरांना पिक्चरच्या आधी त्यांची फिल्म दाखवणं बंधनकारक. आमच्या आधीच्या पिढीने धरणं, पूर, लसीकरण आणि पंतप्रधानांचे दौरे याच फिल्म्समध्ये पाहिले, किंवा पाहिले नाहीत, कारण तेवढ्या वेळात शेंगदाणे घ्यायला बाहेर जायची पद्धत होती. त्या भारदस्त आवाजाने आपल्या मनात हे बसवलं की डॉक्युमेंट्री म्हणजे कोणीतरी वरून सांगणार आणि आपण ऐकणार. पण त्याच सरकारी खात्यात १९६७ ला एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केली, स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या पोरापोरींना नुसतं बोलतं केलं, आणि त्यातली काही जण देशाबद्दल काय बोलतात ते आजही ऐकण्यासारखं आहे. म्हणजे सरकारी म्हणून टाकाऊ, स्वतंत्र म्हणून खरी, असंही सरळ गणित नाही. आता ते फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय.

तो 'कोण' वाला प्रश्न कॅमेऱ्याच्या तोंडावर विचारलेला मी पाहिलाय तो आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये. झोपड्या तोडल्यात, क्रू शूट करतंय, आणि एक बाई सरळ त्यांनाच फैलावर घेते, तुम्ही आमचे फोटो काढून नेणार, नाव तुमचं होणार, आमचं काय, अशा अर्थाचं. एडिटमध्ये ते सहज उडवता आलं असतं. ठेवलंय. माझ्यासाठी ती फिल्म तिथे विश्वासार्ह होते, आकडेवारीमुळे नाही. त्याच फिल्ममध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली, आणि पुढच्या काही दिवसांत घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांचीच 'जय भीम कॉम्रेड' तिथून सुरू होते आणि ती पुरी व्हायला चौदा वर्षं लागली, २०११ उजाडलं. चौदा वर्षं तुम्ही एखाद्या वस्तीत परत परत जाता तेव्हा तुमची आधी ठरवलेली गोष्ट टिकतच नाही, लोक ती मोडून टाकतात. आमच्या पोरांना मिळतात तीन शनिवार. ते बासरी टाकणारच.

निष्ठा जैनची 'लक्ष्मी अँड मी' पण मी दरवर्षी दाखवतो. स्वतःच्या घरी काम करणाऱ्या मुलीवर तिने फिल्म केली, मुंबईतच. बघताना सारखं अवघडायला होतं, की पगार देणारीच शूट करतेय, मग ती पोरगी नाही म्हणू शकते का? पोरं या फिल्मवर हमखास गप्प होतात कारण प्रत्येकाच्या घरी कोणीतरी कामाला येत असतं.

मग यावर उपाय म्हणून मी वर्गात एक नियम काढलाय, की ज्याच्यावर फिल्म केली त्याला ती आधी दाखवायची, मग वर्गात. हा काही माझा शोध नाही, ज्याँ रूश आणि एदगार मोरँ या दोघांनी पॅरिसमध्ये १९६० साली उन्हाळाभर लोकांना बोलतं करून जी फिल्म केली तिच्या शेवटी त्यांनी त्याच लोकांना ती दाखवली आणि त्यांची भांडणंही फिल्ममध्येच टाकली. काहींना ते खोटं, नाटकी वाटलं, काहींना नको इतकं उघडं. मग हे दोघं म्युझियममध्ये येरझाऱ्या घालत आपलं काय चुकलं यावर बोलतायत. सिनेमा व्हेरिते, म्हणजे सत्याचा सिनेमा, हे नाव ज्या फिल्मने गाजवलं ती फिल्म स्वतःबद्दलच्या शंकेवर संपते, हे आपल्याकडे नाव घेणारे सांगत नाहीत.

माझ्या या नियमावर एका सहकाऱ्याने चांगलाच आक्षेप घेतला. तो म्हणाला, मग उद्या बिल्डरवर फिल्म केली तर बिल्डरला आधी दाखवायची? नेत्यावर केली तर नेत्याला? मग झालीच फिल्म. बरोबर आहे त्याचं. पटवर्धन अयोध्येच्या वादावरची 'राम के नाम' कोणाकोणाला आधी दाखवून परवानगी घेत बसले असते तर ती १९९२ ला बाहेरच आली नसती, आणि आल्यावरसुद्धा दूरदर्शनवर यायला कोर्टाची पायरी चढावी लागलीच. म्हणून मी आता दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक म्हणजे दाखवणं ही परवानगी नव्हे, काकांनी नाही म्हटलं तरी तुम्ही फिल्म ठेवू शकता, फक्त त्यांचं नाही तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. आणि दुसरं, ज्याच्या हातात माईक, पोलीस, पैसा आहे त्याला हा नियम लागू नाही, त्याच्याकडे उत्तर द्यायची शंभर साधनं आहेत. गिरणीवाल्याकडे फक्त तुमची फिल्म आहे.

मधली केस अवघड असते. 'रायटिंग विथ फायर' ही 'खबर लहरिया' च्या दलित महिला पत्रकारांवरची फिल्म २०२२ ला ऑस्करपर्यंत गेली, आणि सोहळ्याच्या थोडं आधी खबर लहरियानेच जाहीर पत्रक काढलं की यात आमचं चित्र अपुरं आलंय, आम्ही करतो त्या सगळ्या कामातून एकाच पक्षाबद्दलचं वार्तांकन पुढे आणलंय. तेव्हा लोकांनी लगेच बाजू वाटून घेतल्या, फिल्म खोटी किंवा बायका घाबरल्या. मला दोन्ही आळशी वाटतं. फिल्म दाखवायची आणि ते पत्रक शेजारी ठेवून वाचायचं, यात वर्गाला जितकं शिकायला मिळतं तितकं नुसत्या फिल्मने मिळत नाही. वर्तमानपत्राला वाचकांची पत्रं असतात, तसं डॉक्युमेंट्रीला काही नसतं, हीच खरी अडचण आहे.

आता यात सरकार काय म्हणतं? सरकार म्हणतं सर्टिफिकेट आणा. के. ए. अब्बासांनी १९६८ मध्ये चार शहरांतली श्रीमंती आणि दैन्य समोरासमोर ठेवणारी छोटी डॉक्युमेंट्री केली, मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं होती, सेन्सॉर अडलं, अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. सरकारने फिल्मला न कापता 'यू' द्यायची तयारी दाखवली, पण १९७० च्या निकालात कोर्टाने आधी तपासण्याची पद्धत मात्र वैध ठरवली. फिल्म सुटली, सेन्सॉर राहिला. कोर्टाचं एक म्हणणं असं होतं की हलतं चित्र माणसाच्या भावना इतर कुठल्याही कलेपेक्षा जास्त ढवळतं. मला ते म्हणणं शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावरून कोर्ट कात्रीकडे गेलं आणि मी जातो शाळेकडे. एवढं ढवळतं ना, मग ते बघायला शिकवा की. २००४ ला मिफमध्ये, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतीय डॉक्युमेंट्रीजना सर्टिफिकेटची अट घालायला निघाले तेव्हा फिल्मवाल्यांनी बाहेर 'विकल्प' नावाचा आपला वेगळा फेस्टिव्हल भरवला, ते योग्यच केलं, पण तिथेही भांडण दाखवण्याच्या हक्काचं होतं. बघण्याच्या अकलेसाठी कोणी भांडत नाही.

आठवीतल्या मुलाला आपण कवितेचं रसग्रहण लिहायला लावतो, यमक कोणतं, अलंकार कोणता, कवीला काय म्हणायचंय. त्याच मुलाच्या आईच्या फोनवर दिवसाला पन्नास व्हिडिओ येतात आणि त्यातला एकही कुठे कापलाय, आवाज नंतर घातलाय का, कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून बघतोय, हे विचारायला त्याला एक तास मिळत नाही. मी फार मोठं काही मागत नाही, मराठीच्या तासालाच वर्षातून चार वेळा पाच-दहा मिनिटांची फिल्म लावा आणि कवितेसारखेच प्रश्न विचारा. एकदा आवाज बंद करून बघा. एकदा डोळे मिटून नुसता आवाज ऐका. बासरी काढून तोच काका परत बघा, तो रडका दिसत नाही. आणि जमलं तर फोनवर दोन मिनिटांची करायला लावा, घरातल्याच कोणावर तरी, कारण आपल्या आजीला तीन वाक्यांत बसवताना काय काय कापावं लागतं ते स्वतः कापल्याशिवाय कळत नाही. याला लॅब लागत नाही, अनुदान लागत नाही, शिक्षकाला थोडा वेळ लागतो, तो मिळत नाही हे मलाही माहितीये, जनगणना आणि निवडणूक ड्युटी कोण करणार.

आता तर मेलेल्या माणसाचा आवाज पण बनवता येतो. शेफ अँथनी बोर्डेनवरच्या २०२१ च्या फिल्ममध्ये त्याने लिहिलेली काही वाक्यं एआयने त्याच्याच आवाजात बोलवून घेतली, आणि दिग्दर्शकाने नंतर मुलाखतीत सांगितलं तेव्हा बोंबाबोंब झाली. शब्द त्याचेच होते. पण बघताना आपल्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. इथेसुद्धा मला नुसत्या 'बनवलं' वर राग नाही, 'सांगितलं नाही' वर आहे.

तर गिरणी. ग्रुपने फिल्म परत एडिट केली, कुरकुरत. भाजणी आली, नाचणी आली, मुलगा आला, बासरी गेली, इंटरव्ह्यूच्या आधी काका स्वतः स्विच बंद करतात आणि "आता बोला" म्हणतात तो शॉट पण ठेवला. पाचाची सात मिनिटं झाली, पहिल्याइतकी देखणी राहिली नाही हेही खरं. एका रविवारी दुपारी गिरणी बंद असताना पोरांनी लॅपटॉप डब्यांवर ठेवून काकांना दोन्ही व्हर्जन दाखवली. पहिल्या फिल्मला काका हसले, "मी मेलो का काय?" म्हणाले. दुसरी नीट बघितली, मग परत लावायला सांगितली. मग म्हणाले, चांगलंय, फक्त शेवटी खाली गिरणीचा नंबर टाका, आणि मंगळवारी बंद असते ते पण लिहा.

आता ग्रुपमध्ये यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो नंबर टाकला की ती जाहिरात झाली, दुसरा म्हणतो अर्धा दिवस त्या माणसाचं दळण थांबवलं, नंबर टाकायला काय जातंय. मला विचारलं तर मी म्हटलं तुमचं तुम्ही बघा. अजून ठरलेलं नाही.